रोगमुक्त बटाटा बियाणं: पहिली बाटली भरण्याआधी

ऊतीसंवर्धनात, म्हणजे बाटलीत निर्जंतुक माध्यमावर रोपं वाढवताना, सुरुवात मातृकंदापासून, म्हणजे ज्यापासून पुढची सगळी रोपं येणार त्या कंदापासून. जातीची खात्री पटलेला कंद घ्या आणि मोड कापण्याआधी तपासणी उरका. बटाट्याचे वाय, एक्स, एस आणि पानगुंडाळीचा हे विषाणू एलायझात, म्हणजे विषाणूचं प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीत, सापडतात. स्पिंडल ट्यूबर व्हायरॉइड या विषाणूहूनही साध्या रोगकारकाला मात्र प्रथिनाचं आवरणच नसतं, म्हणून त्याला आरटी-पीसीआरसारखी, त्याचा आरएनए शोधणारी चाचणी हवी. तो निघाला तर कंद सरळ टाकून द्या. उष्णता दिली की तो उलट फोफावतो. इतर विषाणू असतील तर रोप हळूहळू ३७ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन काही आठवडे ठेवा, मगच मेरिस्टेम, म्हणजे कोंबाच्या टोकाचा वाढीचा बिंदू, काढा.

रोपं वाढवायचं पोषक माध्यम चार-पाच दिवस आधी करून ठेवा, म्हणजे नीट निर्जंतुक न झालेली बाटली रोप घालण्याआधीच बुरशी दाखवते. लिटरला एमएस पावडर (मुराशिगे-स्कूग क्षारांचं तयार मिश्रण) ४.४ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, माध्यम घट्ट करणारा अगर ७ ते ८ ग्रॅम. पीएच ५.८ ला आणा आणि मगच अगर घाला. पीएच फार खाली गेला तर अगर धरतच नाही. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांवर २० मिनिटं, मोठ्या फ्लास्कला जास्त.

लॅमिनार फ्लो (गाळलेल्या निर्जंतुक हवेचं कामाचं टेबल) १५-२० मिनिटं आधी सुरू करा. स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि कोरी ब्लेडं हाताशी असू द्या. कोंबाची पानं एकेक करून सोलली की शेवटी ओलसर चकाकणारा छोटासा घुमट दिसतो. तो एक-दोन पर्णांकुरांसह, ०.२ ते ०.३ मिलिमीटरचाच उचला. मोठा तुकडा हमखास जगतो, पण विषाणूही सोबत आणतो. फार लहान घेतला तर ब्लेडच्या टोकावरच सुकतो. प्रत्येक मेरिस्टेमला स्वतंत्र क्रमांक द्या, कारण तयार झालेलं प्रत्येक रोप पुन्हा तपासायचं आहे. मेरिस्टेममधून आलं म्हणजे रोगमुक्त, हे कधीच गृहीत धरू नका.

वाढवण्याच्या खोलीत २० ते २४ अंश आणि १६ तास उजेड ठेवा. दर ३-४ आठवड्यांनी खोडाचे एकेक डोळा असलेले तुकडे करून नव्या माध्यमावर लावा. झाकण हवाबंद केलं तर इथिलीन साठतं, पानं बारीक राहतात, खोड वळतं. खोडाच्या बुंध्याशी दुधाळ ढग दिसला की ते जिवाणू; ती बाटली न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये घाला.

बाटलीतली रोपं जिथे लावायची ते कीटकरोधक जाळीघर रोपांच्या आधी तयार हवं: ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) जाळी, दुहेरी दार, निर्जंतुक कोकोपीट, माव्यासाठी पिवळे चिकट सापळे. लावताना मुळांवरचा अगर धुऊन काढा, त्यातल्या साखरेवर बुरशी येते. पोटॅटो व्हायरस एक्स हात-हत्यारांच्या रसातूनही पसरतो, तेव्हा दारातच साबण ठेवा.