ब्लूटूथची जोडणी होत नसेल तर घरच्या संगणकावर काय करावे

ब्लूटूथ हेडफोन किंवा कीबोर्ड संगणकाला जोडला जात नसला की उपकरणच बिघडले असे समजून अनेक जण नवे विकत घेतात. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुतेक वेळा जोडणीच्या नोंदीत असतो आणि तो घरीच दूर करता येतो.

पेअरिंग करताना, म्हणजे पहिल्यांदा एकमेकांशी जुळताना, दोन उपकरणे मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि ती दोघेही आपापल्याकडे जपून ठेवतात. विंडोज नव्याने टाकल्यामुळे किंवा हेडफोन रीसेट केल्यामुळे एका बाजूची किल्ली पुसली गेली, तरी दुसरी बाजू जुनीच किल्ली धरून बसते. अशा वेळी पडद्यावर ‘पेअर्ड’ असे दिसत राहते, पण आवाज काही येत नाही. त्यामुळे संगणक पुन्हापुन्हा सुरू करत बसण्यापेक्षा दोन्हीकडची नोंद पुसून टाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ येथे उपकरणाच्या नावाजवळील तीन टिंबांवर क्लिक करून ‘रिमूव्ह डिव्हाइस’ निवडावे. हेडफोनची स्वतःची स्मृती कोणते बटण किती वेळ दाबून पुसायची, हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. ते पत्रक फेकू नये.

यानंतर उपकरण पेअरिंगच्या अवस्थेत आणावे लागते. नुसते चालू केलेले उपकरण आधी जुळलेल्या फोनचा शोध घेते, नव्या संगणकासमोर स्वतःला जाहीर करत नाही. आमच्या घरी मुलाचा हेडफोन संगणकाच्या यादीत दिसेना, म्हणून आम्ही अर्धा तास खटपट केली. शेवटी लक्षात आले की चालू केल्याबरोबर तो स्वयंपाकघरात ठेवलेल्या आईच्या फोनला जाऊन जुळत होता. फोनचे ब्लूटूथ बंद करून हेडफोनचे बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरले, तेव्हा त्याचे नाव लगेच यादीत आले. तरीही नाव दिसत नसेल, तर विंडोज ११ मध्ये ‘ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी’ हा पर्याय ‘डिफॉल्ट’वरून ‘अॅडव्हान्स्ड’वर न्यावा.

कीबोर्ड जोडताना पडद्यावर आकडे दिसले, तर ते जोडायच्या नव्या कीबोर्डवरच टाइप करून एंटर दाबायचे असते. अनेक जण ते जुन्या कीबोर्डवर टाइप करतात.

जोडणी होते पण वारंवार तुटते, अशी तक्रार असेल तर संगणकाच्या मागे डोकावून पाहावे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि यूएसबी ३.० च्या पोर्टमधून व केबलमधून निघणारा विद्युत गोंगाट याच पट्ट्यात शिरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच सविस्तर मांडले होते. बाह्य हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टमध्ये ब्लूटूथचा डोंगल, म्हणजे संगणकाला ब्लूटूथ देणारा छोटा यूएसबी तुकडा, खोचलेला असेल, तर माऊस अडखळणारच. डोंगल पुढच्या बाजूच्या पोर्टमध्ये किंवा छोट्या एक्स्टेंशन केबलवर लावून टेबलावर आणला की फरक ताबडतोब जाणवतो. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असलेल्या डेस्कटॉपला मागे अँटेना बसवावे लागतात. ते खोक्यातच राहून गेलेले असतील, तर हातभर अंतरावरही जोडणी टिकत नाही.

सेटिंग्जमध्ये ब्लूटूथचे बटणच दिसत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधील जोडलेल्या भागांची यादी) उघडून अडॅप्टर, म्हणजे संगणकातला ब्लूटूथचा भाग, तेथे आहे का ते पाहावे आणि संगणक किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारी प्रणाली, घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्येच अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी तो बंद करण्याची परवानगी दिलेली असते. काही वेळ वापर न झाल्यावर जोडणी तुटत असेल, तर त्या परवानगीसमोरची टिकची खूण काढून टाकावी.

माऊससोबत स्वतःचा छोटा यूएसबी रिसीव्हर आलेला असेल, तर तो माऊस बहुधा ब्लूटूथवर चालतच नाही. त्याला ब्लूटूथच्या यादीत शोधत बसू नये, रिसीव्हर पोर्टमध्ये लावून माऊसच्या खालचे बटण चालू करावे.