नदीत स्मॉलमाउथ बास पकडायचाय? आधी पाणी बघायला शिका

पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ सस्क्वेहॅना नदी एवढी रुंद आहे की पहिल्यांदा बघितल्यावर कळतच नाही गळ टाकायचा कुठे. माझा पहिला अख्खा सीझन वाया गेला, कारण लहानपणी कृष्णेवर शिकलेलं डोक्यात, डोह बघा, गांडूळ लावा आणि बसून राहा.

स्मॉलमाउथ बास या माशाला वाहतं पाणी लागतं पण धारेत पोहत बसायला नको असतं. दादरच्या पुलावर गर्दीत आपण खांबाच्या आडोशाला उभे राहतो ना, तसा तो दगडाच्या आडोशाला थांबतो आणि शेजारच्या धारेतून काय खायला वाहत येतंय त्यावर डोळा ठेवतो. म्हणून जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं, ती रेष शोधा, पृष्ठभागावर फेस किंवा पानं त्या रेषेने वाहताना दिसतात. मोठ्या दगडाच्या मागे तर सगळेच टाकतात, पण पुढच्या बाजूलाही पाणी आपटून थोडं संथ होतं, तिथे कोणी टाकत नाही, तिथे टाका.

आमिष म्हणाल तर क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला छोटा शेवंडच समजा, हे त्याचं आवडतं खाणं. त्यामुळे तपकिरी-हिरवी रबरी ट्यूब, म्हणजे नळीसारखं खोटं आमिष, आत साधारण साडेतीन ग्रॅमचं जिगहेड, म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ, एवढंच. धारेच्या वरच्या बाजूला तिरकं फेकायचं, तळाला जाऊ द्यायचं आणि पाणी नेईल तसं येऊ द्यायचं, तुम्ही फक्त ढिली पडलेली लाइन गुंडाळत राहा. तळाला अधूनमधून टकटक लागली पाहिजे. सारखं अडकतंय तर वजन जास्त आहे, टकटक येतच नाही तर कमी. मी एकच वजन घेऊन जायचो आणि दिवसभर दगडांशीच भांडायचो 😅

बऱ्याचदा चावा ट्यूब खाली पडताना येतो, झटका बसत नाही, लाइन नुसती बाजूला सरकते. सरकली की रॉड उचला. मासा लागला की हवेत उड्या मारतो, तेव्हा रॉडचं टोक खाली घ्या नाहीतर गळ सुटतो. दात टोचणारे नसतात, खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो.

वसंतात पाणी १५-१६ अंश सेल्सिअसला आलं की नर घरटं करून अंड्यांची राखण करतो, त्याला तेव्हा उचललं तर दुसरे मासे अंडी साफ करतात, म्हणून घरटी दिसली की मी पुढे जातो. लायसन्स १६ वर्षांपासून लागतं, आणि पकडून सोडायचे नियम प्रत्येक पट्ट्यात वेगळे, ते निघायच्या आधी वाचा. पाण्याची पातळीही ऑनलाइन बघा, पाऊस वर कुठेतरी पडतो आणि नदी इथे चढते. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, सरकवत चला, शेवाळलेले खडक फार वाईट.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी घरी झोपा. सूर्य टेकला की उथळ काठावर पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं खोटं आमिष, टाका, पाण्यावर उठलेली वर्तुळं विरेपर्यंत हलवू नका, मग एकदाच टुक करून ओढा. मासा उसळला तरी लगेच खेचायचं नाही, हातात वजन जाणवू दे, मग खेचा.