जनसंघटनांच्या तंत्रज्ञानासाठी निधी उभारताना: गडचिरोलीतील अनुभव

गडचिरोली जिल्ह्यातील ग्रामसभांबरोबर सामूहिक वनहक्काच्या दाव्यांचे काम करताना, या कामाला लागणाऱ्या तंत्रज्ञानासाठी पैसा उभा करण्याची जबाबदारी हळूहळू माझ्याकडे आली. समाजकार्य किंवा अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून या क्षेत्रात येणारे तरुण मला बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात, तो प्रस्ताव कोणाकडे पाठवावा हा. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु ज्या माणसांच्या हातात ते साधन जाणार आहे, त्यांचे कोणते काम आज अडले आहे, हे त्याआधी समजून घेतले नाही, तर मिळालेला निधीही वाया जातो.

आमच्याकडे अडलेले काम नकाशाचे होते. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनसंपत्तीवरील हक्काचा दावा नमुना ‘क’ मध्ये करावा लागतो आणि त्यात गावाच्या पारंपरिक सीमा दाखवाव्या लागतात. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावरील असा हक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातील इतर अनेक गावे दावे करण्यासाठी पुढे आली. सीमा कुठून कुठे जाते, कोणत्या नाल्याशी वळते, कोणत्या देवस्थानापाशी शेजारच्या गावाची हद्द लागते, हे गावातील जाणत्यांना तोंडपाठ असते. मात्र उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीपुढे ते ज्ञान कागदावर, अक्षांश-रेखांशांसह मांडता आले, तर दाव्याचा पाया भक्कम होतो. त्यासाठी जीपीएस, संगणक आणि नकाशे तयार करता येणारी माणसे हवी होती.

आमचा पहिला प्रस्ताव मंजूर झाला आणि तरीही तो फसला. त्यात आम्ही टॅबलेट, एक संगणक आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण एवढेच मागितले होते, कारण वस्तूंची मागणी निधी देणाऱ्याला लवकर पटते, असे आम्हाला वाटले होते. टॅबलेट आले, प्रशिक्षणही झाले. पुढे मोहाचा आणि त्यापाठोपाठ तेंदूचा हंगाम सुरू झाला, प्रशिक्षण घेतलेली मुले जंगलात आणि फळीवर, म्हणजे तेंदूची पाने जमा करण्याच्या केंद्रावर, कामाला गेली, आणि पावसाळा संपल्यावर आम्ही कपाट उघडले तेव्हा काही यंत्रांच्या बॅटऱ्या पूर्ण निकामी झाल्या होत्या. दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात एक रुपयाही नव्हता. त्या वर्षी एकाही गावाचा नकाशा पूर्ण झाला नाही, आणि आपल्याला पैसे मिळाले होते ही गोष्ट ग्रामसभेत सांगताना मला मनापासून अपराधी वाटले.

त्यानंतर मी अंदाजपत्रक उलट्या बाजूने मांडू लागलो. आधी माणसांचा खर्च: सीमेवरून तीन-चार दिवस चालणाऱ्या वनहक्क समितीच्या सदस्यांची बुडालेली मजुरी, त्यांचे जेवण, गावातीलच दोन युवकांचे वर्षभराचे मानधन, तालुक्याला जाण्या-येण्याचा प्रवासखर्च. मग चालू खर्च: रिचार्ज, मेमरी कार्ड, वीज नसेल तेव्हा चार्ज करण्याची सोय, दुरुस्ती, नकाशांची मोठ्या आकारातील छपाई. यंत्रे सर्वांत शेवटी, आणि शक्यतो कमीत कमी. साधा अँड्रॉइड फोन मोबाइलचे नेटवर्क नसतानाही उपग्रहांवरून आपले स्थान नोंदवू शकतो. दाट बांबूच्या रानात काही मीटरचा फरक पडतो, पण सीमेवरील खुणांची नोंद सोबत ठेवली, तर तो समजावून सांगता येतो. नकाशासाठी क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. माहिती गोळा करण्यासाठीचे कोबोटूलबॉक्सही मर्यादित वापरापर्यंत विनामूल्य आहे आणि त्यात इंटरनेटशिवाय मराठी फॉर्म भरता येतात. ‘सगळे मोफत असेल तर निधी कशाला?’ असे एका निधी देणाऱ्या प्रतिनिधीने मला विचारले होते. सॉफ्टवेअर मोफत मिळाले, तरी ते वापरणाऱ्याचा दिवस मोफत नसतो, हे त्यांना मी आमच्या हजेरीपटासह दाखवले, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रस्तावाला तो हिशेब जोडतो.

आता पैसा कोणत्या वाटेने येतो, याविषयी. महाराष्ट्रात संघटना आणि संस्था यांत फरक आहे आणि नवख्यांनी तो पहिल्याच महिन्यात समजून घ्यावा. संघटना लोकांच्या वर्गणीवर चालते आणि अनेकदा तिची नोंदणी नसते. संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. मात्र कंपनीच्या वतीने काम राबवणाऱ्या संस्थेकडे नोंदणी, प्राप्तिकराची प्रमाणपत्रे आणि 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी क्रमांक (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) असावा लागतो. परदेशी निधीच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने मिळवलेला असा निधी दुसऱ्या संस्थेला किंवा संघटनेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आहे. म्हणून ‘मोठ्या संस्थेच्या नावावर पैसा घेऊ आणि संघटनेला देऊ’ ही जुनी रीत तेथे चालत नाही. कोणता खर्च कार्यक्रमाचा आणि कोणता प्रशासनाचा, हे प्रस्ताव लिहिण्यापूर्वीच सनदी लेखापालाला विचारावे; लेखापरीक्षणाच्या वेळी विचारून उपयोग नसतो.

कंपन्यांच्या निधीबाबत आणखी एक बाब मला फार गंभीर वाटते. ज्या कंपनीचे हितसंबंध त्याच जंगलात आहेत, तिच्या पैशातून त्या जंगलाचा नकाशा तयार करू नये. नकाशात पाणवठे, मोहाची झाडे, देवस्थाने आणि गौण वनोपजाच्या जागा असतात. ती माहिती कोणाच्या हाती जाईल, यावर गावाचे भविष्य अवलंबून असते. देणगीचा करार करताना ‘प्रकल्पातील सर्व माहितीची मालकी निधी देणाऱ्याची’ असे वाक्य आले, तर आम्ही ते बदलून घेतो. एकदा ते बदलून मिळाले नाही, तेव्हा ग्रामसभेच्या ठरावानुसार आम्ही तो निधी नाकारला. त्या वर्षी खूप ओढाताण झाली, पण त्या निर्णयाविषयी माझ्या मनात आजही शंका नाही.

नवे लोक बाहेरच्या देणगीदारांकडे पाहताना गावातला पैसा विसरतात. पेसा, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के अबंध निधी (एका ठरावीक योजनेशी न बांधलेला निधी) थेट मिळतो, आणि वनहक्क व पेसा कायद्याची अंमलबजावणी हा त्या खर्चाचा एक मान्य विषय आहे. तेंदू आणि बांबूची विक्री स्वतः करणाऱ्या ग्रामसभांकडे स्वतःचे उत्पन्नही असते. आमच्या एका ग्रामसभेने तेंदूच्या रकमेतून दोन फोन घेतले आणि फळीवरील तेंदूपानांच्या पुड्यांची रोजची नोंद त्यांवर ठेवायला सुरुवात केली. रक्कम मोठी नव्हती. पण फोन कोण वापरणार, बिघडल्यास कोण भरून देणार, हे सभेतच ठरले होते, आणि ते फोन आमच्या टॅबलेटपेक्षा कितीतरी जास्त काळ चालले.

भाषेचा खर्च स्वतंत्र मांडावा, हेही मी उशिरा शिकलो. फॉर्म मराठीत केला म्हणजे काम झाले, असा आमचा समज होता. परंतु ज्या वृद्ध स्त्रियांना जंगलातील कंदमुळांच्या जागा सर्वांत जास्त ठाऊक होत्या, त्या गोंडीत बोलत होत्या. आता आम्ही प्रश्नांचे गोंडी ध्वनिमुद्रण करून घेतो, त्यासाठी गावातीलच बोलणाऱ्या व्यक्तीला मानधन देतो आणि उत्तरेही आवाजातच साठवतो.

प्रकल्पाची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी आम्ही हस्तांतराचे काम सुरू करतो. नकाशाच्या मूळ फाइली दोन पेनड्राइव्हवर, पासवर्ड बंद पाकिटात, आणि कापडावर छापलेला मोठा नकाशा ग्रामसभेच्या पेटीत ठरावाच्या वहीशेजारी ठेवला जातो. पेटीची किल्ली कोणाकडे राहील, याची नोंद त्याच वहीत होते.