चुकारा येण्याआधी देण्याचा कागद करा

मी घाटंजी तालुक्यात सेवा केंद्र चालवते. सातबारा काढायला येणारी तिशी-पस्तिशीतली पोरं हळूच विचारतात, "ताई, हे देनं फिटंन कसं?" मी आधी कागद लिहायला लावते. बँक, गाडीचा हप्ता, बायकोच्या नावावरचं गटाचं कर्ज, सावकार, मोबाईलवरचं अ‍ॅप. कोणाचं किती आणि महिन्याला व्याज किती. नवरा-बायकोनं सोबत बसून लिहा, अर्धं देणं एकमेकांपासून लपवलेलं असतं.

सावकाराचे शेकडा तीन म्हणजे वर्षाचे 36 टक्के. दीडीनं उचललेल्या 20 हजारांचे हंगामाला 30 हजार जातात. आणि पीककर्ज? 3 लाखांपर्यंतचं मुदतीत भरलं तर केंद्राची आणि पंजाबराव देशमुख योजनेची सवलत धरून व्याज शून्य. म्हणून ते थकवू नका. त्याचे पैसे चुकाऱ्यातून, म्हणजे कापूस विकून आलेल्या पैशातून, आधी बाजूला ठेवा, नाहीतर नवं-जुनं, म्हणजे जुनं भरून नवं कर्ज, करायला पुन्हा सावकाराचंच दार.

दर महिन्याला थोडं साठवा, हा सल्ला पगारदारांचा. आपला पैसा कापूस विकल्यावर येतो, हप्ता मात्र ऑगस्टातही येतो. तेव्हा जून ते ऑक्टोबरचे हप्ते चुकारा आल्याबरोबर वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नका. उरेल ते सगळं सर्वांत महाग व्याजावर. घरात सोनं असेल तर बँकेत तारण ठेवून सावकार मोकळा करा. लोक काय म्हणतील याचा विचार करू नका, बँकेचं व्याज कितीतरी कमी पडतं.

सावकाराकडे परवाना आहे का, ते सहायक निबंधक कार्यालयात विचारा. बिनपरवाना सावकारानं कर्जापोटी शेत लिहून घेतलं असेल तर 2014 च्या कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. घाबरू नका, अर्ज लिहायला आमच्यासारखे आहेत.

वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायची रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. 'सेटलमेंट करा, अर्ध्यात मिटवा' म्हणाले तर विचार करा; सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, तसा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अडतं.

बँकेचं फिटलं की बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं बाकी नाही असा कागद, घ्या आणि तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या. महिन्याभरानं नवा सातबारा काढून तो उतरला का, ते बघा.