पोर्ट शिकताना यादीच्या पलीकडे

पोर्ट म्हणजे संगणकावरच्या नेटवर्क सेवेचा दार-क्रमांक. हे क्रमांक ० ते ६५५३५, पण सुरुवातीला दहाबारा पुरतात. ते जोडीने शिका: साधा आणि त्याचा सुरक्षित भाऊ. दूरच्या संगणकावर लॉगिन करायला टेलनेट २३, एसएसएच २२. एचटीटीपी ८०, एचटीटीपीएस ४४३. ईमेल वाचायचा आयमॅप १४३, त्याचाच टीएलएसवाला, म्हणजे एन्क्रिप्टेड, ९९३. टेलनेटचा पासवर्ड वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची ये-जा पकडून दाखवणारे साधन) सरळ वाचता येतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेत की २३ विसरणार नाही.

डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) ५३ म्हटले की बहुतेक जण यूडीपी, म्हणजे जोडणी न करता पाठवणे, म्हणून मोकळे होतात. पण मोठे उत्तर आणि झोन ट्रान्सफर (नोंदींची दुसऱ्या सर्व्हरवर नक्कल) टीसीपीवरून, म्हणजे आधी जोडणी करून, जाते. फायरवॉलवर टीसीपी ५३ बंद केला तर बहुतेक साइट चालतात, मधूनच एखादी अडते, आणि शोधणारा हैराण होतो.

४४५ म्हणजे एसएमबी, विंडोजचे फाइल शेअरिंग. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारे रॅन्समवेअर यावरूनच पसरले. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप. म्हापशातल्या दुकानाचा हिशेब पणजीतून बघायचा म्हणून राउटरवर हा पोर्ट फॉरवर्ड करू नका, म्हणजे इंटरनेटला उघडा करू नका. नंबर बदलून ३३९० केला तरी स्कॅनरला तो सापडतोच. आधी व्हीपीएन (दुकानाच्या नेटवर्कपर्यंतचा एन्क्रिप्टेड मार्ग), मग रिमोट डेस्कटॉप.

सरावासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकात आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) काली, म्हणजे सुरक्षा तपासणीचे लिनक्स, आणि मेटास्प्लॉइटेबल २ हे सरावाचे लक्ष्य घ्या. दोन्हींचे नेटवर्क होस्ट-ओन्ली, म्हणजे तुमच्या संगणकापुरतेच, ठेवा. ब्रिज्ड ठेवलेत तर मेटास्प्लॉइटेबल हे मुद्दाम सदोष बनवलेले मशीन घरच्या वायफायवर उघडे पडते. मग कालीवरून एनमॅप हे पोर्ट तपासणारे साधन चालवा. साधे स्कॅन फक्त नेहमीचे १००० टीसीपी पोर्ट बघते. सगळे हवे असतील तर हायफन, लहान पी, पुन्हा हायफन. सेवेचे नाव ते नंबरावरून लिहिते, त्यामुळे ४४३ वर एसएसएच चालवले तरी एचटीटीपीएसच दाखवते. हायफन, लहान एस, मोठा व्ही दिलात की ते सेवेशी बोलून बघते. 'क्लोज्ड' म्हणजे यंत्राने नकार दिला. 'फिल्टर्ड' म्हणजे उत्तर आलेच नाही किंवा वाटेत कुणीतरी अडवले, बहुधा फायरवॉलने.

कळंगुटच्या गेस्टहाउसचे वायफाय किंवा कॉलेजचे नेटवर्क लेखी परवानगीशिवाय स्कॅन करू नका. दुसऱ्याच्या यंत्रणेत विनापरवाना शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येते, आणि 'शिकत होतो' हा बचाव फारसा कामी येत नाही.

यूडीपी स्कॅन रेंगाळले तर घाबरू नका. लिनक्स 'पोर्ट बंद आहे' हे उत्तर साधारण सेकंदाला एकच देते. यूडीपीचे ५३, ६७, १२३, १६१ एवढेच पोर्ट तपासा.