ब्लॅक फॉरेस्टमधून कुकू क्लॉक आणताय? या चुका टाळा

टूरमध्ये जर्मनीचा ब्लॅक फॉरेस्ट असेल तर टिटिझे किंवा ट्रिबर्गला कुकू क्लॉकच्या (दारातून पक्षी बाहेर येऊन ‘कुकू’ करणाऱ्या लाकडी घड्याळाच्या) वर्कशॉपचा स्टॉप बहुतेक असतोच. बसमधून उतरलं की आधी वॉशरूमची लाईन, मग छोटा डेमो, मग दुकान. मी मागे उभा राहून डेमो मोबाईलवर शूट केला आणि ऐकलं काहीच नाही, तेच नंतर नडलं. त्यामुळे पुढे जाऊन उभे रहा. कोरीव कामाला लिंडेनचं लाकूड घेतात कारण ते मऊ असतं, पटाशी मारली तरी सहसा चिरफळत नाही. आणि आतले दोन चिमुकले भाते नक्की बघून घ्या, एक ‘कु’ म्हणतो, दुसरा ‘कू’.

घेताना मुख्य चूक म्हणजे खाली साखळ्या-वजनं लोंबताना दिसली की मेकॅनिकल समजून बिल करणं. बॅटरीवाल्यालाही शोभेची वजनं असतात! फाऊ-डे-एस (VdS, ब्लॅक फॉरेस्टच्या घड्याळवाल्यांची संघटना) सर्टिफिकेट मागा, ते मेकॅनिकललाच मिळतं. मग एकदा साखळी ओढली की एक दिवस चालणारं हवं की आठ दिवस चालणारं ते ठरवा. आठ दिवसांच्याला रोज साखळी ओढायची कटकट नाही, पण त्याचं एकेक वजन सव्वा-दीड किलोचं, म्युझिकवाल्याला अशी तीन, म्हणजे बॅगेत चारेक किलो नुसतं लोखंड. ते चेक-इनमध्येच टाका, हँडबॅगेत सिक्युरिटीवाले अडवू शकतात.

टॅक्स रिफंड हवा असेल तर पासपोर्ट बसमध्ये ठेवून येऊ नका. एका दुकानात 50 युरोच्या वर खरेदी झाली की फॉर्म मिळतो, पण कस्टम्सचा शिक्का युरोपियन युनियनमधून बाहेर पडताना घ्यायचा आणि वस्तू दाखवावी लागते, म्हणून बॅग आधीच चेक-इन करून बसू नका. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, बस पुढे तिकडे जाणार असेल तर शिक्का कुठे मारायचा ते टूर मॅनेजरला तिथेच विचारा.

आता घरचा घोळ. प्रवासासाठी साखळ्यांत अडकवलेली तार घड्याळ भिंतीवर लावल्यावरच काढायची. मी पलंगावर आडवं ठेवून काढली, साखळी चाकावरून सुटून आत गेली, पुढचा महिना रिपेअरवाला शोधण्यात.

पक्षी मुका असेल तर भात्यांवर प्रवासासाठी लावलेल्या क्लिपा काढायच्या राहिल्यात का बघा, दारावरची तारेची कडी पण. घड्याळ चालू होऊन थांबतंय? मग ते बहुतेक वाकडं टांगलंय. डोळ्यांनी नाही, कानांनी बघा: टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं ऐकू येईपर्यंत केसभर इकडे-तिकडे सरकवत रहा. वेळ लावताना फक्त मोठा काटा पुढे फिरवा, छोट्याला हात नको. मागे पडत असेल तर लोलकाचं पान जरासं वर सरकवा, पुढे जात असेल तर खाली.

आणि रात्री पक्षी गप्प करायची सोय आहे का हे दुकानातच विचारून घ्या, रात्री तीन वाजता कळून उपयोग नाही.