क्रिकेटचे आकडे मांडताना छेदाकडे बघा: या चुका टाळा

आमच्या क्लबची स्कोअरबुकं एक्सेलमध्ये उतरवायचं काम काही वर्षं माझ्याकडे आहे. अंशात कोणी फारसं चुकत नाही. धावा किती, विकेट किती, हे खेळणाऱ्याला झोपेतही पाठ असतं. घोळ होतो तो छेदात, म्हणजे आपण कशाने भागलं त्यात.

पहिली चूक अगदीच बाळबोध, पण ती मी स्वतः एक अख्खा मोसम केली. स्कोअरबुकात ३.४ षटकं लिहिलेली असतात. त्यातला टिंब दशांशचिन्ह नव्हे; तीन षटकं आणि चार चेंडू, एकूण २२ चेंडू. एक्सेलला हे कुठून कळणार? २९ धावांना ३.४ ने भागून तो ८.५३ इकॉनॉमी (दर षटकामागे दिलेल्या धावा) देतो, खरी येते ७.९१. बेरजेत तर आणखी गंमत. ३.४ आणि २.५ मिळून एक्सेलची ५.९ षटकं होतात, जी क्रिकेटमध्ये अस्तित्वातच नाहीत. हिशेब ३९ चेंडूंचा, म्हणजे ६.३. तेव्हा चेंडूंचा वेगळा रकाना करा आणि सगळे भागाकार त्यावरूनच घ्या. एखाद्या गोलंदाजाच्या षटकांच्या बेरजेत टिंबानंतर ६ किंवा त्याहून मोठा अंक दिसला, तर शीट बिघडलीय हे नक्की.

नेट रनरेटचंही (दर षटकामागच्या आपल्या धावा वजा प्रतिस्पर्ध्याच्या) तसंच. २० षटकांच्या सामन्यात १५ षटकांत १२० वर ऑलआउट झालात, तर भागायचं २० ने. रनरेट ८ नाही, ६.

स्ट्राइक रेटची (शंभर चेंडूंमागच्या धावांची) सरासरी काढू नका. एका डावात ४ चेंडूंत १०, दुसऱ्यात ४० चेंडूंत २०. स्ट्राइक रेट २५० आणि ५०, सरासरी १५०, पोरगा खूश! प्रत्यक्षात ४४ चेंडूंत ३० धावा, म्हणजे ६८.

आता फलंदाजीची सरासरी. इथे छेदात डाव नसतात, बाद होण्याची संख्या असते. १९९९ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या लान्स क्लुसनरची सरासरी १४०.५० होती. आठ डाव, सहा वेळा नाबाद, २८१ धावा भागिले दोन. तो त्या स्पर्धेत जबरदस्त खेळला, वादच नाही, पण दर डावाला १४० धावा केल्या असा अर्थ कोणी काढू नये. याचं दुसरं टोक म्हणजे लॉर्ड्सवरची १९७५ ची गावसकरांची खेळी. इंग्लंडच्या ३३४ धावांसमोर ६० षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६. भारत २०२ धावांनी हरला. सरासरीच्या हिशेबात मात्र ही खेळी नफ्याचीच: अंशात ३६ वाढले, छेद जागच्या जागी. म्हणून मर्यादित षटकांत नुसती सरासरी बघू नका, शेजारी चेंडू लिहा.

छेद लहान असला की आकडा नाचतो. कसोटीत विनोद कांबळीची सरासरी ५४.२०, सचिनची ५३.७८. कट्ट्यावर या दोन आकड्यांनी हमखास भांडण पेटतं. कांबळी बाद झाला २० वेळा, सचिन २९६ वेळा, हे ऐकल्यावर जरा शांतता होते. ‘हा डावखुऱ्या फिरकीला अडतो’ ही आमच्या टीम मीटिंगमधली ठाम वाक्यंही बहुतेक वेळा दहा-बारा चेंडूंवर उभी असतात. अशा फलंदाज-गोलंदाज जोडीचे पन्नासपेक्षा कमी चेंडू असतील तर मी तो रकाना रिकामाच ठेवतो. पन्नास हा आकडा काही शास्त्रातून आलेला नाही, पण त्याने निम्मी भांडणं मिटतात.

‘सचिनने शतक ठोकलं की भारत हरतो’ हे तुम्हीही ऐकलं असेल. २००९ मध्ये हैदराबादला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १७५ केल्या आणि आपण ३ धावांनी हरलो, ते डोक्यातून जात नाही. पण त्याच्या ४९ वनडे शतकांपैकी ३३ सामने भारताने जिंकले. शिवाय शतक नसलेल्या ४१४ सामन्यांचं काय झालं, हे ती थिअरी मांडणारा कधीच विचारत नाही. एकाच बाजूचे सामने मोजून कारण सापडत नाही.

कबड्डीत हेच वेगळ्या रूपात दिसतं. दबदबा असलेल्या डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूकडे चढाईपटू फिरकतच नाहीत, त्यामुळे त्याच्या नावावर पकडी कमी. पकडीच मोजल्या तर तो सुमार ठरेल. तिथे चढाया कोणत्या बाजूला गेल्या हे लिहायला एक माणूस बसवावा लागतो, दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

माझ्याच शीटने केलेला सगळ्यात मोठा अन्याय एका मध्यमगती गोलंदाजावर झाला. इकॉनॉमी ९.२, म्हणून त्याला दोन सामने बसवलं. त्याच्या जागी आलेला ७.१ वाला शेवटच्या षटकांत चोपला गेला, तेव्हा जुनी स्कोअरबुकं काढली. आमचा हा ९.२ वाला जवळजवळ दर सामन्यात सतरावं आणि एकोणिसावं षटक टाकत होता, ७.१ वाला सात ते बारा, क्षेत्ररक्षक सीमेवर पांगलेले आणि फलंदाज एकेरी-दुहेरीवर समाधानी असताना. त्याच सामन्यांत शेवटच्या चार षटकांत बाकीच्या गोलंदाजांनी दर षटकाला किती धावा दिल्या ते काढलं: ११.४. आता शीटमध्ये ‘षटक क्रमांक’ असा रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय मी कॅप्टनला काहीच पाठवत नाही.